तुम्हीच लावलेलं लग्न : पाळक ते समुपदेशक या वाटेवरचं एक प्रकरण

हे प्रकरण कळव्यात खारेगावला राहणाऱ्या एका मराठी ख्रिस्ती कुटुंबाचं आहे, आणि तितकंच ते त्यांच्यासोबत काम केलेल्या समुपदेशकाचंही आहे. हे समुपदेशक आधी वीसेक वर्षं पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, होते. त्यांच्या केसेसची सुपरव्हिजन, म्हणजे देखरेख आणि मार्गदर्शन, मी करते, म्हणून हे सगळं मला आतून बघायला मिळालं. नावं कुणाचीच घातलेली नाहीत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, घटनांचा क्रम मात्र आहे तोच ठेवला आहे. लिहिण्याला कुटुंबाची आणि समुपदेशकांची परवानगी आहे.

लिहायचं कारण असं. धर्मगुरू, मठातले महाराज, मौलवी, पाळक अशांनी समुपदेशनाचं प्रशिक्षण घेतलं की आपल्या क्षेत्रात दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एक म्हणजे, ‘यांना माणसं कळतात, हे चांगलंच करतील.’ दुसरी म्हणजे, ‘हे उपदेश केल्याशिवाय राहायचे नाहीत.’ मला दोन्ही अर्धवट वाटतात. उपदेश थांबवता येतो, तो काही फार अवघड भाग नाही. खरी अडचण मानाची आहे. ज्याचा मान ठेवायचा त्याच्यापुढे माणूस कपाळाला आठी पडू देत नाही, घरातलं भांडण धुऊन-पुसून दाखवतो आणि वर चहाही देतो. वीस वर्षं असा मान मिळालेल्या माणसाला खरं ऐकायचं असेल तर तो मान आधी उतरवून ठेवावा लागतो. पण समोरचे लोक तो उतरवू देतात का? या प्रकरणात हाच प्रश्न उभा राहिला.

समुपदेशकांविषयी

मूळ नगर जिल्ह्यातले. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये नगरला काम सुरू केलं, त्या भागातल्या कितीतरी घरांत आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर, आजी बायबल वाचून दाखवणारी बाई, मग पुढची पिढी नर्स, शिक्षक, रेल्वे किंवा कारखान्यात, आणि शेवटी मुंबई-ठाणे. यांचं घरही तसंच. पुण्यात ईशज्ञानाचं, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्राचं, शिक्षण घेतलं, मग गावोगावच्या बदल्या, आणि शेवटची काही वर्षं ठाण्यातली एक मराठी मंडळी, म्हणजे एका चर्चचा समुदाय.

बाहेरच्यांना पाळक म्हणजे रविवारची उपासना दिसते. कामाचा मोठा भाग आठवड्याच्या बाकी दिवसांत असतो. घरभेटी, दवाखाना, बाप्तिस्मा, दृढीकरण (कन्फर्मेशन), लग्नं, माती म्हणजे अंत्यविधी. या सगळ्याच्या नोंदी ठेवायच्या. एकाच घराण्याच्या तीन पिढ्या एकाच हस्ताक्षराखाली सापडतात, असं ते एकदा म्हणाले होते. लग्नाआधीचे वर्ग तेच घेत, आणि लग्नानंतरची भांडणंही त्यांच्याकडेच येत. ‘लोक भांडण घेऊन यायचे आणि मी ते प्रार्थनेत गुंडाळून परत द्यायचो,’ हे त्यांचंच वाक्य. पाळक असतानाच त्यांनी इग्नू या मुक्त विद्यापीठाचा समुपदेशन आणि फॅमिली थेरपीचा एम.एस्सी. केला, दोन वर्षांचा अभ्यास चार वर्षांत. पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी पाळकपण सोडलं.

सोडलं म्हणजे काय, हे सांगायला हवं. पाळकाचं घर मंडळीचं असतं. काम संपलं की घर खाली. त्यांनी कळव्यात भाड्याने जागा घेतली. पाळकीणबाईंचं तर काम कागदावर कधी नव्हतंच. महिलांची प्रार्थनासभा, संडे स्कूल, नाताळातलं नाटक, कुणाच्या घरी बाळंतीण असली तर डबा, हे सगळं एका दिवसात संपलं आणि त्याबद्दल निरोप समारंभात शालही नवऱ्याला मिळाली. आज त्या एका पाळणाघरात काम करतात. त्यांच्याशी मी एकदाच सविस्तर बोलले. त्या म्हणाल्या, ‘यांनी काम बदललं. माझं गेलं.’ हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

या वाटेने जाणारे ते पहिले नाहीत. ऐकून घेण्याचं शास्त्र ज्यांच्या नावाने ओळखलं जातं ते कार्ल रॉजर्स न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत पाळक व्हायला गेले होते, दोन वर्षांनी रस्ता ओलांडून मानसशास्त्राकडे वळले. आपल्याकडचं उदाहरण त्याहून जवळचं आहे. मुंबईत 1936 साली समाजकार्याचं पहिलं महाविद्यालय निघालं, आजची टाटा समाजविज्ञान संस्था. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचेच, नागपाड्याच्या वस्तीत काम करणारे मिशनरी. म्हणजे आपल्या व्यवसायाच्या मुळाशीच एक पाळक आहे. ‘यांना इथे काय काम?’ असं विचारणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

तक्रार

घरात सासू, बासष्ट वर्षांची, निवृत्त परिचारिका. चाळीत, चर्चमध्ये, दुकानात सगळे तिला ‘सिस्टर’ म्हणतात. नवरा वागळे इस्टेटमधल्या कंपनीत होता, कंपनी बंद पडली, पुढे तो आजारात गेला. मुलगा चौतीस वर्षांचा, ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये रात्रपाळी. सून तीस वर्षांची, कळव्यातल्या शाळेत शिक्षिका. चार वर्षांचा नातू. मुलाची बहीण पनवेलला दिलेली.

सून तीन महिन्यांपासून नातवाला घेऊन नगरला आपल्या भावाकडे. कारण सासूच्या शब्दांत ‘काही नाही, डोकं फिरलंय.’ मुलाच्या शब्दांत ‘अॅडजस्टमेंटचा प्रॉब्लेम.’ सिस्टर त्यांच्याकडे आल्या त्या ते समुपदेशक आहेत म्हणून नव्हेच. ‘साहेब, तुम्हीच लावलेलं लग्न. तुम्ही तिला दोन शब्द सांगा, तुमचा शब्द ती मोडायची नाही.’

आणि हे खरंच होतं. लग्न त्यांनीच लावलं होतं. लग्नानंतर वर्षभरात अशीच कुरबुर झाली तेव्हाही तेच मंडळीतल्या दोन वडीलजनांना (चर्चच्या कारभाऱ्यांना) घेऊन गेले होते, एका संध्याकाळी सगळं मिटवून आले होते. मंडळीत त्याचं कौतुकही झालं होतं.

केस घ्यायची की नाही

माझं मत स्पष्ट होतं: घेऊ नका. लग्न लावणारा, आधी समेट घडवणारा, सासूच्या नवऱ्याची माती केलेला माणूस तटस्थ कसा राहणार? सुनेच्या नजरेत तर तो सासरचाच. त्यांनी दुसऱ्या समुपदेशकाकडे पाठवायचा प्रयत्नही केला. सिस्टरांनी चक्क नकार दिला, ‘घरातलं बाहेरच्यापुढे काढायचं नाही.’ ठाण्यात समुपदेशक कमी नाहीत, पण या मंडळीतल्या किती घरांनी आजवर त्यांच्या दारात पाऊल टाकलं असेल, हे मला ठाऊक आहे. ‘नाही’ म्हटलं असतं तर पुढचा थांबा समुपदेशक नसता. चार वडीलजन आणि एसटीची तिकिटं, एवढंच झालं असतं.

शेवटी अटी घालून घेतली. आमच्या समुपदेशकांच्या गटातली एक समुपदेशिका सोबत राहील आणि सुनेला आधी एकटीला तीच भेटेल. मारहाण, धमकी, जिवाला भीती यांची चौकशी स्वतंत्र झाल्याशिवाय एकत्र बैठक नाही, कारण मारणाऱ्यासमोर मार खाणारीला बसवून ‘मोकळेपणाने बोला’ म्हणणं यासारखं धोक्याचं काही नाही. सून परत येणं हे उद्दिष्ट म्हणून लिहायचं नाही. फी ठरलेली, पावतीसह. आणि प्रार्थना त्यांनी चालवायची नाही.

शेवटच्या अटीवर ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, ‘ठीक आहे. पण कुणी मागितली तर अडवणार नाही.’ ते मी मान्य केलं. अडवणं हीसुद्धा एक सत्ताच झाली असती.

फीचा किस्सा इथेच सांगून टाकते. पहिल्या भेटीनंतर सिस्टरांनी पाकीट पुढे केलं, आत हजार रुपये, वर ‘साहेबांना भेट’. त्यांनी सहाशे ठेवले, चारशे परत केले आणि पावती फाडली. सिस्टरांचा चेहरा उतरला. भेट देणारी वर असते. फी भरणारी बरोबरीची होते, हिशेब मागू शकते आणि ‘तुमचं चुकलं’ असंही म्हणू शकते. समुपदेशकांना हे पटायला बरेच दिवस लागले. मला वाटतं, सिस्टरांना त्याहून लवकर कळलं होतं, म्हणूनच त्या नाराज झाल्या.

कोण कुठे झोपतं

पहिली भेट घरीच झाली. ते आत शिरले तशी सिस्टर पदर सावरत उठल्या, मुलगा रात्रपाळीच्या झोपेतून उठून शर्टाची बटणं लावत बाहेर आला. एकच खुर्ची हातांची, ती त्यांच्यासाठी. चहा त्यांना कपबशीत, बाकीच्यांना स्टीलच्या पेल्यात. पाळक म्हणून ते या घरात अनेकदा याच खुर्चीत बसले होते. त्या दिवशी त्यांनी खुर्ची नाकारली आणि सोफा-कम-बेडच्या कडेला मुलाशेजारी बसले. सिस्टरांनी तीनदा उठून खुर्चीत बसायची विनंती केली. हे त्यांनी नोंदीत लिहिलं आहे, आणि मला ते आवडलं, कारण बहुतेक प्रशिक्षणार्थी अशी गोष्ट नोंदीत आणत नाहीत.

मग त्यांनी वहीवर घराचा नकाशा काढला. हॉल, किचन, एक बेडरूम, गॅलरीचं बंद केलेलं कोपरं. आणि विचारलं, ‘रात्री कोण कुठे झोपतं?’

सिस्टर म्हणाल्या, ‘मी आणि बाळ आत. बाळाला माझ्याशिवाय झोप येत नाही.’ मुलगा? रात्री कामावर, दिवसा आत झोपतो, कारण हॉलमध्ये उजेड असतो. सून? हॉलमध्ये, याच सोफा-कम-बेडवर. शनिवार-रविवारी मुलगा घरी असतो तेव्हा? तेव्हाही आई आणि बाळ आत, मुलगा आणि सून हॉलमध्ये. हॉलला दार नाही. किचनला जायला हॉलमधूनच जावं लागतं. सिस्टरांना रात्री दोनदा पाणी लागतं.

लग्नाला सहा वर्षं झाली होती. पहिलं वर्ष सोडलं तर या जोडप्याला दाराला आतून कडी लावता आली नव्हती. ठाण्या-मुंबईत वन बीएचकेमध्ये हे काही अपूर्व नाही, दहापैकी कितीतरी घरं अशीच चालतात. पण इथे कुणी ते मुद्दाम केलं नव्हतं, आणि कुणी बोललंही नव्हतं. मुलगा ऐकत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते समुपदेशकांनी एका ओळीत लिहिलं आहे: ‘त्याने पहिल्यांदा नकाशाकडे नीट बघितलं.’

साल्वादोर मिनुशिन हा अर्जेंटिनात जन्मलेला थेरपिस्ट कुटुंबातल्या सीमांबद्दल लिहितो: नवरा-बायको हा एक उपगट, त्याभोवती कुंपण हवं, त्यात फट हवी पण कुंपण हवंच. आमच्या अभ्यासक्रमात हे आकृत्यांमध्ये शिकवतात. खारेगावात ती सीमा म्हणजे एक प्लायवूडचं दार होतं आणि ते चुकीच्या बाजूने बंद होत होतं.

सुपरव्हिजनमध्ये मी त्यांना विचारलं, ‘आधी इतक्यांदा गेलात, हे कसं दिसलं नाही?’ ते म्हणाले, ‘मी हॉलच्या पुढे कधी गेलोच नाही. पाळकाला हॉल दाखवतात.’

सून

समुपदेशिका नगरला जाऊन आली, मग दोनदा फोनवर बोलली. मारहाण नाही. धमकी नाही. पण पगार खात्यात आला की एटीएम कार्ड सिस्टरांच्या कपाटात. ‘सगळ्यांचं एकत्र’ ही घराची रीत होती. कर्जाचा हप्ता साडेबावीस हजारांचा, त्यात सुनेच्या पगाराचे बारा हजार. घर मात्र सिस्टर आणि मुलाच्या नावावर, कारण लग्नाआधीच घेतलेलं, डाउन पेमेंट सिस्टरांच्या निवृत्तीच्या पैशातून. सून म्हणाली, ‘मी सहा वर्षं भाडं भरतेय, फक्त पावती मिळत नाही.’

2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ हाही हिंसेचाच एक प्रकार आहे, आणि कागदावर नाव नसलं तरी सामायिक घरात राहण्याचा तिला हक्क आहे. हे दोन्ही तिला स्पष्ट सांगितलं, संरक्षण अधिकाऱ्याकडे कसं जायचं तेही सांगितलं. तिने आत्ता नको म्हटलं. ते तिचं ठरवणं होतं. कार्ड मात्र तिने दुसऱ्याच दिवशी बँकेत फोन करून बंद केलं आणि नवीन मागवलं. सगळ्या प्रकरणातली सर्वात वेगाने झालेली गोष्ट हीच.

भावाने वकिलाला विचारलं होतं. ख्रिस्ती जोडप्यांना 1869 चा घटस्फोट कायदा लागू होतो. परस्पर संमतीचं कलम, 10-अ, त्यात 2001 च्या दुरुस्तीने आलं, आणि त्यात अर्जाआधी दोन वर्षं वेगळं राहिल्याची अट आहे. हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात हीच मुदत एक वर्षाची. भावाने त्याचा अर्थ सोपा लावला: ‘दोन वर्षं इथेच राहा, मग बघू.’ म्हणजे कायद्याची अट सल्ल्यासारखी वापरली जात होती. तिला घटस्फोट हवा आहे का, हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं. समुपदेशिकेने विचारलं. ती म्हणाली, ‘मला दार हवंय.’

एकत्र बैठकीआधी ती समुपदेशकांना भेटायला तयार झाली, पण समुपदेशिका सोबत असेल तरच. भेटीत तिने मागचा समेट काढला. ‘तेव्हा मी सगळं सांगायला बसले होते. तुम्ही म्हणालात, आपण आधी प्रार्थना करू. प्रार्थनेत तुम्ही म्हणालात, प्रभू, या दोघांनी एकमेकांना क्षमा केली आहे. आमेन झाल्यावर मी काय बोलणार होते, साहेब?’

त्यांनी बचाव केला नाही. ‘काय सांगायचं राहिलं होतं?’ एवढंच विचारलं. त्यावर ती चाळीस मिनिटं बोलली. समुपदेशिकेच्या नोंदीत त्या वेळात समुपदेशकांची तीन वाक्यं आहेत, तिन्ही प्रश्न.

एकत्र बैठका

त्या घरी घेतल्या नाहीत. कळवा स्टेशनजवळ एका क्लासच्या वर आमच्या गटाच्या दोन खोल्या आहेत, तिथे. सगळ्या खुर्च्या सारख्या, निळ्या प्लॅस्टिकच्या. मुलाच्या पाळीमुळे वेळ दुपारी चारची, कारण त्याआधी तो झोपेत आणि त्यानंतर कामावर.

तिसऱ्या बैठकीत सिस्टरांनी सुरुवातीलाच म्हटलं, ‘साहेब, प्रार्थनेने सुरू करू या.’ ते म्हणाले, ‘सिस्टर, तुम्ही करा.’ सगळ्यांनी डोळे मिटले. सिस्टरांनी प्रार्थना केली. आधी उपकारस्तुती, मग नातवासाठी, मग, ‘प्रभू, घर मोडायला निघालेल्यांना सद्बुद्धी दे, मोठ्यांचा मान राखायला शिकव, आणि ज्या आईने रात्रंदिवस ड्युटी करून लेकराला वाढवलं तिचे कष्ट वाया जाऊ देऊ नको.’ सून डोळे मिटून ऐकत होती.

ज्यांनी आमच्याकडच्या कौटुंबिक प्रार्थना ऐकल्या आहेत त्यांना हे ओळखीचं वाटेल. घरातलं जे तोंडावर बोलता येत नाही ते देवाला सांगायच्या निमित्ताने सगळ्यांना ऐकवता येतं, आणि समोरच्याला उत्तर देता येत नाही, कारण डोळे मिटलेले आणि शेवटी सगळ्यांनी आमेन म्हणायचं. मी त्या खोलीत असते तर मला हे धार्मिक वळण वाटलं असतं आणि मी आदराने वाट बघितली असती. त्यांना ते आतून माहीत होतं. वीस वर्षं त्यांनी अशा प्रार्थना ऐकल्या होत्या, काही स्वतः केल्या होत्या. आमेन झाल्यावर ते म्हणाले, ‘सिस्टर, प्रभूने ऐकलं. आता तेच हिच्याकडे बघून सांगा. आणि मग हिचं उत्तर ऐका.’

सिस्टरांना ते जमेना. बराच वेळ त्या बॅगेची चेन उघडत-मिटत राहिल्या. मग सुनेकडे न बघताच म्हणाल्या, ‘तू गेलीस तर तो पण जाईल.’

खरा प्रश्न हा होता, आणि तो सुनेचा नव्हता. मरे बोवेन या मनोविकारतज्ज्ञाने 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत अख्खी कुटुंबं दाखल करून घेऊन अभ्यास केला. दोघांमधला ताण असह्य झाला की तिसऱ्याला ओढून घेतलं जातं, हा त्रिकोण त्याने मांडला. इथे मुलगा दोघींमध्ये अडकला नव्हता. तो रात्रपाळीत लपला होता. दिवसपाळी मागायची सोय कंपनीत होती, त्याने कधी मागितली नव्हती. रात्री कामावर आणि दिवसा झोपेत असलेल्या माणसाला कुणाचीच बाजू घ्यावी लागत नाही. समुपदेशकांनी हे त्याला सरळ विचारलं तेव्हा तो हसला आणि म्हणाला, ‘रात्री ऑफिसमध्ये शांत असतं.’

पुढच्या बैठकीत जेनोग्राम, म्हणजे नात्यांसह वंशवृक्षाचा नकाशा, काढला, तीन पिढ्यांचा. इथे पाळकाच्या रजिस्टरची सवय कामी आली. नात्यांच्या रेघा ते न अडखळता ओढत गेले. काढता काढता सिस्टरांची स्वतःची गोष्ट निघाली. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी त्या सासर सोडून नेवाशाला माहेरी गेल्या होत्या. तिथल्या पाळकांनी येऊन समजावलं, एसटीत बसवून परत आणलं. ‘म्हणून घर राहिलं,’ त्या म्हणाल्या. समुपदेशकांनी विचारलं, ‘परत आल्यावर काय बदललं?’ सिस्टर म्हणाल्या, ‘काय बदलायचं? मी नाइट ड्युटी घेतली.’

खोलीत मुलगाही होता. त्याने आईकडे बघितलं, पण त्यावर कुणी भाष्य केलं नाही. समुपदेशकांनीही नाही, आणि ते योग्यच होतं. प्रवचनाला याहून चांगला मुद्दा मिळाला नसता, हे त्यांनीच नंतर मला हसत सांगितलं.

मध्येच सध्याच्या पाळकांचा फोन आला. माजी पाळकाने जुन्या मंडळीच्या घरांत लक्ष घालू नये, असा संकेत असतो आणि तो बरोबर आहे. नाहीतर एका मंडळीत दोन पाळक होतात. समुपदेशक जाऊन भेटले, आपण कोणत्या नात्याने काम करतो ते सांगितलं, केसमधलं मात्र काहीच सांगितलं नाही. पाळकांना ते आवडलं नाही. गोपनीयता आपल्यालाही लागू होते हे धर्मसेवकांना सहसा रुचत नाही.

आज कुठे आहे

मुलाने दिवसपाळी मागून घेतली. सून नगरहून परतली, पण खारेगावच्या घरात नाही. दोघांनी विटाव्याला अकरा महिन्यांच्या करारावर एक खोली घेतली आहे, दोघांच्या पगारात ओढाताण होते पण चालतं. नातू शाळेतून आजीकडे येतो आणि संध्याकाळी जातो. सिस्टर विटाव्याला अजून गेलेल्या नाहीत.

घर कुणाच्या नावावर हा प्रश्न पैशाच्या बैठकीत निघाला. त्या दिवशी आम्ही एका वकीलबाईंना बोलावलं होतं, कारण समुपदेशकाने कायद्याचा सल्ला देणं हा दुसरा मोह आहे. राहतं घर नवऱ्याने बायकोला बक्षीसपत्राने दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क दोनशे रुपये लागतं, बाकीची फी वेगळी. सासूने सुनेला दिलं तर ही सवलत नाही, सून विधवा असेल तरच. म्हणून मुलाने आपल्या हिश्शातला भाग द्यायचा असं ठरलं. कर्ज चालू असल्याने बँकेची ना-हरकत हवी. अर्ज दिला आहे. सिस्टरांनी त्यावर हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. सिस्टरांना स्वतःसाठी वेगळ्या समुपदेशनाची गरज आहे, असं मला सुरुवातीपासून वाटतं. नवरा गेल्यानंतरचं दुःख, रिकामं घर, निवृत्तीनंतर हातात न उरलेलं काम, हे सगळं सुनेच्या नावाखाली आलं होतं. त्यांना समुपदेशिकेकडे पाठवलं, दोनदा गेल्या, मग थांबल्या.

त्याऐवजी सिस्टर रात्री दहाच्या सुमाराला समुपदेशकांना फोन करतात, ‘साहेब, झोप येत नाही, प्रार्थना करा.’ आणि ते करतात. मी म्हटलं, हे थांबवा. दिवसा समुपदेशक आणि रात्री पाळक, असं चालणार नाही. सुनेला कळलं तर तिचा भरवसा जाईल, आणि तो आधी एकदा असाच गेला होता. ते म्हणतात, ती विधवा बाई आहे, तिच्या नवऱ्याची माती मी केली, रात्रीचा फोन मी वीस वर्षांत कधी कापला नाही. मी सुचवलं, सध्याच्या पाळकांचा नंबर द्या. त्यांनी दिला. सिस्टर त्यांना फोन करत नाहीत.

यावर आमचं अजून जमलेलं नाही. तूर्त एवढं ठरलं आहे की हे फोन होतात हे ते सुनेला स्वतः सांगतील, पुढच्या बैठकीआधी. ती हरकत घेईल तर केस पूर्णपणे समुपदेशिकेकडे जाईल. बँकेचं पत्र तोवर आलं तर त्याच बैठकीत तेही घ्यायचं आहे.